काठी नको, घागर काढ

मोर्चाचा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. पुढं पुढारी, मागं झेंडे, झेंड्यांच्या मागं माणसं. ती माणसं म्हणजे नुस्ती गर्दी. 'हजारोंच्या संख्येने' एवढ्या दोन शब्दांत ती बसवायची अन् पान लावून टाकायचं. त्यातली एखादी बाई कोणत्या गावाहून आली, लेकरू कुणापाशी टाकून आली, दिवसाची मजुरी बुडाली तर रात्री चूल कशावर पेटली, घोषणा देताना मनात काय म्हणत होती, हे कुणी लिहून घेतलं नाही. पेपरवाले घेणार नव्हतेच. पण आपणही कमीच घेतलं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी बाबासाहेबांच्या चळवळीतल्या बायांना गाठून त्यांच्या तोंडून ऐकलं, आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभं राहिलं. ते सोडलं तर आपल्याकडं भाषणांचे संग्रह आहेत, ठरावांचे कागद आहेत, जाहिरातींनी भरलेल्या स्मरणिका आहेत. गर्दीतल्या माणसाचं पान शोधावं लागतं.

ते पान मी चित्रात काढायला बसलोय. दोन वर्षं झाली.

मी जालन्याच्या एका रोलिंग मिलात कामाला आहे. 'जालना सोने का पालना' म्हणतात. आता पाळण्यात लोखंड आहे. भंगार वितळवायचं, बिलेट ओतायचं, लालबुंद बिलेट रोलिंगमधून काढून त्याची सळई करायची. ठेकेदाराच्या हजेरीत माझं नाव आहे, कंपनीच्या दप्तरात नाही. म्हणजे मी तिथं आहे अन् नाही. शाळा दहावीतच सुटली. ब्रश धरायला शिकलो जयंतीच्या कमानी रंगवणाऱ्या एका पेंटरच्या हाताखाली. कविता शिकलो असल्याच अंकांतून, जे हातात येईपर्यंत कडेनं फाटलेले असतात. ड्रॉइंगच्या परीक्षा माहीत नाहीत. माणसाचे हात मला बरे जमतात, कारण मिलात दिवसभर हातच दिसतात. तोंडाला फडकं बांधलेलं असतं.

कॉमिक काढतो म्हणलं तर युनियनचं काम करणारा माझा एक दोस्त भडकला. म्हणला, "चाचा चौधरी काढतो का? लोकांच्या नागरिकत्वावर येतंय अन् तू फुगे काढ फुगे!" त्याला मी माँटगोमेरीची गोष्ट सांगितली. अमेरिकेत त्या शहरातल्या काळ्या माणसांनी १९५५-५६ मध्ये वर्षभर बसवर बहिष्कार टाकला, पायी कामाला गेले. त्याच्यावर १९५७ मध्ये सोळा पानांचं कॉमिक निघालं, किंमत दहा सेंट. मार बसला तरी हात उगारायचा नाही, हे त्यात चित्रं काढून सांगितलं होतं. जॉन लुईस नावाच्या पोरानं ते वाचलं. पुढं त्यानं चळवळीत डोकं फोडून घेतलं, मग अमेरिकेच्या संसदेत गेला, आणि म्हातारपणी स्वतःची हकिकत त्यानं चित्रकथेतच सांगितली. 'मार्च' तिचं नाव, तीन भाग, २०१३ ते २०१६. पँथरचं नाव आपण तिकडून घेतलं. हे घ्यायचं तेवढं राहून गेलं होतं.

दोस्त काही लगेच ऐकणारातला नाही. पण त्याला मी दुसरी एक गोष्ट सांगितली तेव्हा गप बसला. १९७९ मध्ये अमर चित्र कथेनं बाबासाहेबांवर कॉमिक काढलं. रंगीत, गुळगुळीत, दुकानात टांगलेलं. आणि त्याच १९७९ मध्ये, नोव्हेंबरात, नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, एवढंच मागणं. ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ लाच केला होता. ठराव झाला अन् मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. म्हणून मार्च. तो बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा नदीवर आला तेव्हा पुलावर पोलीस आडवे झाले आणि लाठ्या चालल्या. एका हातानं दुकानात बाबासाहेबांचं चित्र विकायचं, दुसऱ्या हातानं पुलावर त्यांच्या नावासाठी चालणाऱ्याला झोडायचं. दोन्ही एकाच सालात, एकाच देशात. त्या कॉमिकमध्ये पुलावरचं एकही माणूस नाही. असणार कसं?

आता नागरिकत्वाचं सांगतो. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चनांना वाट मोकळी; मुसलमान त्या यादीत नाही. त्याच्या आधी आसामात नागरिकांची नोंदवही झाली होती. ३१ ऑगस्ट २०१९ च्या शेवटच्या यादीतून एकोणीस लाखांवर माणसं बाहेर राहिली. तशीच नोंदवही देशभर करायची भाषा सुरू झाली अन् लोक रस्त्यावर आले. दिल्लीच्या शाहीन बागेत बाया बसल्या त्या १५ डिसेंबरपासून, करोनाच्या टाळेबंदीत २४ मार्च २०२० ला उठवल्या तोवर. मुंबईत नागपाड्याला मोरलँड रोडवर २६ जानेवारी २०२० पासून बाया बसल्या, त्याला लोक मुंबई बाग म्हणू लागले. २४ जानेवारीला वंचितनं महाराष्ट्र बंद पुकारला होता.

तेव्हा आमच्या वस्तीत दोन तट पडले. एक म्हणे, यादीत बौद्ध आहे, आपलं नाव आहे, आपण कशाला मधी पडायचं? आपल्यातलाच शिकलेला पोरगा हे बोलला. अरे, यादीतला बौद्ध सरहद्दीपलीकडून येणारा. तू भोकरदनहून आलास. तुला कुणी विचारलं तर तू काय दाखवणार?

दाखवायचं काय, हे आमच्या घराला ठाऊक होतं. बहिणीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा तर जात पडताळणी लागली. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. ज्यांचं बिऱ्हाड गाढवावर, त्यांनी १९६१ चा कागद कुठं ठेवला असंल, हे ती तारीख घालणाऱ्यालाच माहीत. आमच्या आज्याला ना सातबारा, ना घराचा उतारा. पण तो निजामाच्या काळात दीड-दोन वर्षं शाळेत गेला होता. भोकरदन तालुक्यातल्या त्या शाळेचं जुनं रजिस्टर सापडलं, ते उर्दूत. वाचणार कोण? जुन्या जालन्यात एक रिटायर उर्दू मास्तर होते. त्यांनी चष्मा पुसला, पान उन्हाला धरलं, आज्याचं नाव वाचलं, पणज्याचं वाचलं. जातीच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. मग हळू आवाजात वाचलं. पैसे घेतले नाहीत. चहा मात्र त्यांनीच पाजला.

(२०२३ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती बसली, तवा उर्दू अन् मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. निजामाच्या दप्तरातलं एक अक्षर किती जड असतं ते सगळ्यांनाच कळलं. ज्यांच्याकडं जमीन होती त्यांचे आजे कुठल्या तरी वहीत सापडतात. आमचे आजे सापडायला शाळामास्तरची मेहरबानी लागते.)

तर त्या मास्तरांच्या गल्लीत एक चाची राहतात. घरी शिलाई करतात. त्यांची बहीण नागपाड्याला दिली आहे, म्हणून त्या मुंबई बागेत अकरा दिवस बसून आल्या. माझी पहिली हकिकत त्यांची. मी वही घेऊन बसलो तर म्हणाल्या, "लिख, मगर मेरा थोबडा नक्को निकाल बेटा. मेरे बच्चे कू कामपे जाना पडता."

ह्या एका वाक्यावर मी महिनाभर अडून होतो. कारण हे खोटं भय नाही. ३ जानेवारी २०१८ चा बंद झाला, भीमा कोरेगावच्या हल्ल्यानंतरचा, तेव्हा आमच्या ओळखीतली दोन पोरं मोबाइलच्या व्हिडिओवरून ओळखली गेली. व्हिडिओ काढणारा आपलाच होता, कौतुकानं काढला होता. पुढं त्या पोरांनी कैक तारखा केल्या. एकाची नोकरी गेली. रील टाकणाऱ्या दोस्तांनी हे ध्यानात ठेवावं: फोटोत तोंड राहतं अन् बोलणं जातं. ते तोंड कुणाच्या विरोधात वापरायचं ते ज्याच्या हातात फोटो तो ठरवतो. चित्रकथेत उलटं करता येतं. तोंड काढून टाकलं तरी बोलणं शिल्लक राहतं, बोलणाऱ्याच्या शब्दात, फुग्यात.

पण मग माझ्या चौकटीतही बिनतोंडाची गर्दीच होणार काय? ह्याचं उत्तर मला 'भीमायन'मध्ये सापडलं. २०११ चं पुस्तक, नवयाननं काढलेलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. त्यांनी माणसं चौकटीत कोंबायला नकार दिला; पानभर मोकळी सोडली. आणि फुगे बघा: गोड बोलणाऱ्याचा फुगा पाखराच्या आकाराचा, विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. तोंड बघायची गरजच नाही, कोण काय बोलतंय ते आकारावरून कळतं. मी म्हणलं, चाचीच्या फुग्याला शिलाई घालू. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक फुगा मी टाक्याटाक्यानं काढतो, कडेला सुई लटकलेली. तोंडाच्या जागी मशीन, मशीनवर हात. गल्लीतल्या बाया बघून हसल्या, पण परक्याला काही कळणार नाही.

भाषेवरून वाद झाला. एक जण म्हणला, मराठी कर, आपल्या लोकांना कळायला पाहिजे. मी केली नाही. चाची म्हणाल्या ते असं: "राशन पे मेरे अब्बा का नाम एक, आधार पे दूसरा, इलेक्शन के कारड पे तिसरा. लिखने वाले बाबू की गलती. अब मैं किसकी बेटी, ये भी बाबूच बताएंगा क्या?" ह्याचं मराठी करायची काय गरज? जालन्यात भाजी घेणारा कोणताही माणूस हे समजतो. आणि हे दुखणं फक्त त्यांचं नाही. आमच्या वस्तीत निम्म्या लोकांचा जन्म १ जूनचा आहे. मास्तरानं शाळेत घालताना टाकलेला. पूर्ण वस्तीचा वाढदिवस एकाच दिवशी, केक मात्र कुणीच कापत नाही.

दुसरा वाद खोल होता. एका जुन्या कार्यकर्त्यानं, ज्याला मी मानतो, मला दौलताबाद काढून दाखवलं. १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसोबत किल्ला बघायला गेले, हौदावर हात-पाय धुतले, तर एक म्हातारा मुसलमान धावत आला, 'ढेडांनी पाणी बाटवलं' म्हणून. जमाव जमला. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहिलंय. "अन् तू त्यांच्या धरण्याची चित्रं काढतोस?"

मी म्हणलं, दादा, ते खरंय. ते लपवायचं नाही; 'भीमायन'मध्येही ते आहे. ते मी काढीनच, जालन्यापासून दौलताबाद किती लांब आहे? पण ते ज्या लिखाणात आहे त्याचं नाव बघा. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसाची वाट बघताना. ते बाबासाहेबांच्या हयातीत छापून आलं नाही, १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं पुस्तिका केली. स्वतःच्या मुलखात फिरायला ज्याला व्हिसा लागतो अशा माणसाची ती हकिकत आहे. मसूरचं स्टेशन, बडोद्याची पारशी खानावळ, चाळीसगावचा टांगा, दौलताबादचा हौद. हिंदूनं हाकललं, पारशानं हाकललं, मुसलमानानं हाकललं. सगळं लिहिलं, कुणाला सोडलं नाही. आणि तोच माणूस पुढं संविधान सभेत नागरिकत्वाच्या कलमापाशी उभा राहिला, १० ऑगस्ट १९४९ ला, तेव्हा म्हणाला की मसुदा समितीला एक कलम सोडलं तर एवढी डोकेदुखी दुसऱ्या कुठल्याच कलमानं दिली नाही. म्हणजे हा सवाल सोपा नाही हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी हौदावरच्या म्हाताऱ्याचा हिशोब त्या कलमात चुकता केला नाही.

दादा काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी त्यांनी मला एका आत्याकडं नेलं.

आत्या म्हणजे नात्यातली नव्हे, वस्तीची आत्या. साठीच्या पुढं. माहेर बुलढाण्याकडचं, खडकपूर्णेच्या काठचं. लाँग मार्च आला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. ती मार्चात चालली नाही. हे तिनं आधीच सांगितलं, जणू तिचा काही हक्क नाही. "मी कुठं चालले? आम्ही बाया पाणी घिऊन हुभ्या व्हतो रस्त्याला. चालणारी मान्सं येत्यात, नागपूरहून, पायाला फोडं आल्यात, म्हून."

मग तिनं सांगितलं. थंडी होती. तिच्याकडं जर्मलची घागर होती. अंधार पडला अन् पुलाकडून ओरडा आला, माणसं उलटी पळत आली. काठी तिला बसली नाही, घागरीला बसली. घागर चेपली. ती चेपलेली घागर तिनं लग्नात सासरी आणली, कारण दुसरी नव्हती. तिच्यात नंतर कधी पुरतं पाणी मावलं नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, विद्यापीठावर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' अशी पाटी लागली, तेव्हा वस्तीत गुलाल उडाला. त्याच उन्हाळ्यात तिनं घागर मोडीत घातली.

मी वहीवर पूल काढायला घेतला. पोलीस, लाठ्या, पळणारी माणसं. पेपरात असतो तसा. तिनं हातावर हात ठेवला. "काठी कशाला काढतू रं? काठी समद्यांनी पाह्यली. काठी नको, घागर काढ."

मग चारी चौकटीत घागर आहे. पहिलीत भरलेली, विहिरीच्या कडेला. दुसरीत रस्त्यावर, तिच्यावरून ओंजळी वाकलेल्या, फोड आलेले पाय. तिसरीत रात्र, घागर आडवी, पोचा आलेली. रात्र काढायला त्रास झाला. झेरॉक्समध्ये पूर्ण काळं भरलं तर ठिपके पडतात. दादांनी सांगितलं की सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर तर काळं भरताच येत नव्हतं, कागद फाटायचा, म्हणून तेव्हाचे लोक रात्र रेघांनी काढत. मीही रेघांनीच काढली, दाट रेघा, आडव्या. थंडीही त्यातच आली. चौथ्या चौकटीत भंगारवाल्याचा काटा.

दिल्लीच्या इता मेहरोत्रा यांनी शाहीन बागेवर चित्रपुस्तक केलंय, २०२१ मध्ये आलं. त्या धरण्यावर गेल्या, बायांशी बोलल्या, त्यांच्या तोंडचं काळ्या-पांढऱ्या चित्रांत मांडलं. मी ते शब्दकोश घेऊन वाचलं. काम प्रामाणिक आहे. पण ते इंग्रजीत आहे, अन् ज्या बायांचं आहे त्यांच्या भिंतीवर ते लागत नाही. माझा मार्ग वेगळा, तोही माझा नाही: शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियावाल्यांनी देशभर खेड्यापाड्यांत शिकवलेला. दोन ए-फोर कागद जोडायचे, चार चौकटी, झेरॉक्स काढायच्या, भिंतीला चिकटवायचं. चित्र वाकडं आलं तरी चालतं, गोष्ट स्वतःची पाहिजे. मी त्यात एक नियम घातलाय. पान झेरॉक्सला जायच्या आधी ज्याची हकिकत त्याला वाचून दाखवायचं. 'हौ' म्हणलं तर जातं. चाचींनी एक अख्खी चौकट कापायला लावली, त्यात बहिणीच्या घराचा जिना ओळखू येत होता. कापली.

आत्तापर्यंत सात पानं झाली. विहाराच्या भिंतीवर, एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर, उर्दू मास्तरांच्या गल्लीच्या तोंडाशी लावली. टपरीवरचं दोन दिवसांत कुणीतरी फाडलं. विहारावरचं राहिलं, त्याच्या खाली बॉलपेननं कुणीतरी लिहिलं होतं, 'माझ्या मायचं पण लिवा. ती पन व्हती.' नाव नाही, नंबर नाही. तीन-चार दिवस विचारत फिरलो तेव्हा पोरगा सापडला, आमच्याच मिलात कूलिंग बेडवर असतो. त्याची माय मंठ्याकडं लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, पुढच्या महिन्यात येणार. तोवर मला रात्रपाळी बदलून घ्यायचीय, आणि झेरॉक्सवाल्याची उधारी दोनशे दहा रुपये झालीय, तीही द्यायचीय.